डिफॉल्ट कोण ठरवतो?



उदगीरला आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत दोन जुने लॅपटॉप दान आले. क्रॅक केलेलं विंडोज नको म्हणून एका पोराने डेबियन हे लिनक्स टाकायला घेतलं. काम अर्ध्यावर अडलं. वायफायच्या चिपला लागणारं फर्मवेअर डेबियनच्या अधिकृत प्रतीत नव्हतं. त्याचा सोर्स कोड खुला नाही, म्हणून ते वगळलेलं. भरतीचा फॉर्म भरायची मुदत जवळ आलेली. पोरगं लॅपटॉप बंद करून मोबाईलकडे वळलं. ही २०२२ च्या आधीची गोष्ट.

डेबियन कोणा कंपनीच्या मालकीचं नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. त्यांचा सामाजिक करार १९९७ चा आणि स्वतःची घटना १९९८ ची. सॉफ्टवेअर वापरता, तपासता, बदलता आणि वाटता आलं पाहिजे, ही त्यांची अट. परवान्याने कोणत्याही व्यक्तीशी वा समूहाशी भेदभाव करू नये, असं त्यांच्या निकषांत स्पष्ट लिहिलेलं आहे. सी-डॅकचं बॉस लिनक्ससुद्धा याच डेबियनवर उभं आहे.

मग एवढा चांगला नियम आमच्या पोरासमोर बंद दार होऊन का उभा राहिला? नियम सर्वांना सारखा असला तरी त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. पैसेवाला पारखून यंत्र घेतो. दानात आलेल्या लॅपटॉपला निवड नसते. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतली विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत मांडली होती. ती आपण रोज जगतो, म्हणून इथेही चटकन ओळखू येते.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खरं आहे. बंद फर्मवेअर आत काय करतं ते आपल्याला तपासता येत नाही. आज एक सवलत दिली की उद्या कंपन्या कोड उघडतील कशाला? त्यामुळे 'चालतंय ना, मग टाका' ही भूमिका मला मान्य नाही.

डेबियनने २०२२ मध्ये यावर मतदान घेतलं. पसंतीक्रमाने मतं पडली आणि सामाजिक करारातच दुरुस्ती झाली. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून गरजेचं फर्मवेअर अधिकृत प्रतीतच मिळतं. मात्र ते मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मिसळलेलं नाही. त्याचा विभाग वेगळा आहे आणि ज्याला नको त्याला ते नाकारता येतं.

आपल्या घटनेतही १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने कलम १५ मध्ये चौथं उपकलम आलं. पण ही तुलना जपून करावी. विशेष तरतूद हा आपला हक्क आहे. बंद फर्मवेअर ही नाइलाजाची तडजोड आहे. साम्य एवढंच, की वंचिताला दाराबाहेर ठेवणारा नियम लेखी आणि चर्चेने बदलता येतो, आणि तसं केल्याने मूळ तत्त्व मोडत नाही.

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट पक्की कळली. हुकुमापेक्षा आधीच ठरून आलेल्या गोष्टी माणसावर जास्त राज्य करतात. डिफॉल्ट म्हणजे तेच. बहुतेक लोक ते कधी बदलत नाहीत. म्हणून ते ठरवताना आपण हजर असलं पाहिजे.

आपल्या अभ्यासिकांसाठी माझा आग्रह साधा आहे. मुक्त सॉफ्टवेअर हा नियम ठेवा. यंत्र चालायला जे बंद सॉफ्टवेअर अटळ आहे तेवढंच घ्या. ते कोणतं आणि का घेतलं, हे वहीत लिहून भिंतीवर लावा आणि दर वर्षी पुन्हा तपासा. पोरांना नुसतं इन्स्टॉल करायला शिकवू नका, परवाना वाचायला शिकवा. भाषांतर करणं, चुका कळवणं यांपासून सुरुवात करून डेबियनमध्ये सदस्यत्वापर्यंत आणि मताधिकारापर्यंत जाता येतं. तिथे डिफॉल्ट ठरतो, तर आपली पोरंही तिथे पोचली पाहिजेत.