बाळ वाढलं, झोळी तीच राहिली



आज जरा कडक बोलणार आहे. विषय साधाच आहे, बाळाला अंगाशी बांधून घ्यायची झोळी. आजच्या भाषेत स्लिंग म्हणा नाहीतर कॅरिअर म्हणा. पण या साध्या विषयाआड आपल्या घराघरांतला एक जुना हिशेब दडलेला आहे, आणि तो मला मान्य नाही.

हिशेब असा. आपल्याकडे बाळ जन्मतं तेव्हा साधारण अडीच-तीन किलोचं असतं. पाच-सहा महिन्यांत ते दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. जागतिक आरोग्य संघटनेची 2006 सालची वाढीची मानकं घेतली, तर मध्यम वजनाचा मुलगा सहा महिन्यांना 7.9 किलो, वर्षाला 9.6 आणि दोन वर्षांना 12.2 किलोचा असतो. मुलगी अनुक्रमे 7.3, 8.9 आणि 11.5 किलोची. या काळात झबली बदलतात, टोपडी बदलतात, पाळण्यातली गादी बदलते. झोळी मात्र बारशाला आली तीच! मग वाढलेल्या प्रत्येक किलोचा हप्ता कुठून कापला जातो? आईच्या खांद्यातून, कमरेतून आणि मनगटातून.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट सांगते. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं, साताठ किलोकडे निघालं, की पहिली झोळी उतरवा आणि वजन पेलणारी, रुंद बैठकीची, दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर भार वाटणारी दुसरी घ्या. ही चैन नाही. घरात गॅसची शेगडी लागते तशी ही गरज आहे.

आता विरोधी पक्षाकडे वळू. तो बहुतेक घरातच असतो.

पहिला आक्षेप सासूबाईंचा किंवा आत्याबाईंचा: "सारखं अंगाशी धरलंस तर सवय लागेल." यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. हुंझिकर आणि बार या दोन डॉक्टरांनी माँट्रियलमध्ये 99 बाळांवर केला आणि तो 1986 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या आयांना सांगितलं होतं की बाळ रडो न रडो, दिवसातून किमान तीन तास जास्त उचलून घ्या. सहा आठवड्यांच्या वयात त्या बाळांचं रडणं आणि किरकिरणं इतरांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी भरलं. म्हणजे जवळ घेतल्याने बाळ रडकं झालं नाही, उलट शांत झालं. आणि सवयीचंच म्हणाल, तर आईची सवय बाळाला नऊ महिने आधीच लागलेली असते.

दुसरा आक्षेप: "आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं?" होतं की! शेतावर जाणारी बाई जुन्या लुगड्यात बाळ पाठीशी बांधूनच भांगलायला जायची. झाशीच्या राणीचा पुतळा आठवा, पाठीशी बांधलेलं मूल घोड्यावरही हललेलं नाही. त्या बांधणीत काय होतं बघा. कापड रुंद, गाठ घट्ट, मूल पाठीला चिकटून, भार दोन्ही बाजूंना वाटलेला. आजच्या चांगल्या कॅरिअरमध्ये दुसरं काही नसतं, फक्त गाठीच्या जागी बकल आलं. आजीची परंपरा मोडतेय ती वजन पेलणारी कॅरिअर घेणारी सून नव्हे. एका खांद्यावरच्या चिंचोळ्या पट्ट्यात दहा किलोचं मूल लटकवणारी पद्धत ती मोडते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो धर्माचं नाव घेऊन येतो: "एक असताना दुसरी कशाला? अपरिग्रह म्हणतात तो हाच का?" सख्यांनो, परिग्रह हा वस्तूच्या संख्येपेक्षा तिच्यावरच्या आसक्तीत असतो, हे आपण पाठशाळेत शिकलोय. कपाटात घडी न मोडलेल्या साड्या असताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. बारशाला चांदीचे वाळे, चांदीची वाटी, चांदीचा खुळखुळा येतो तेव्हाही नाही. बाईच्या पाठीसाठी काही हजार खर्चायची वेळ आली की मात्र अपरिग्रह आठवतो. व्रत असं सोयीने आठवायचं नसतं. आणि अहिंसा मुंगीपासून सुरू होते, तशी ती घरातल्या बाईच्या मणक्यापर्यंतही पोचायला हवी.

आता मूळ मुद्दा. वजन नेमकं कुठे जातं?

भरलेली कळशी आपण कमरेला टेकवून आणतो. हात लांब करून कधी आणत नाही, कारण वजन अंगापासून जितकं दूर, तितकं ते पाठीला जड. ढिली झोळी हेच करते. पाच किलोच्या बाळाला छान बसणारा ताणला जाणारा होजिअरी कापडाचा रॅप आठ किलोखाली लोंबायला लागतो. बाळ खाली सरकतं, अंगापासून सुटतं, आई तोल सांभाळायला मागे वाकते आणि संध्याकाळी कमरेला शेक घेत बसते. रिंग स्लिंग वाईट नाही. गाभाऱ्याबाहेर दर्शनाला उभं राहायचं, खालच्या दुकानातून मीठ आणायचं, पाच-दहा मिनिटांचं काम असेल तर ती झटपट होते. पण तिचा सगळा भार एका खांद्यावर. तासाभराच्या प्रवचनाला नऊ किलोचं मूल तिच्यात घेऊन बसणं म्हणजे तपश्चर्याच, आणि ती कुणी सांगितलेली नाही.

माझी धाकटी नऊ महिन्यांची असताना माझ्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची की कुकरचं झाकण फिरवता येत नव्हतं. या दुखण्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. 1895 साली त्याचं वर्णन करणाऱ्या स्विस शल्यविशारदाचं ते नाव. तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये ते इतकं दिसतं की त्याला आईचा अंगठा असंही म्हणतात. अंगठा ताणून बाळाला काखेत धरून वारंवार उचलल्याने मनगटाजवळचे स्नायूबंध सुजतात. घरात मात्र ऐकू आलं ते एवढंच, "मोबाइल कमी बघ."

दुकानात गेलात तर काय बघाल? बैठक बाळाच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचली पाहिजे. गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर, मांड्यांना आधार, पाय बेडकासारखे फाकलेले. आंतरराष्ट्रीय हिप डिस्प्लेझिया संस्था हीच स्थिती खुब्यांसाठी चांगली मानते. अरुंद पट्टीत थोडा वेळ बसवलं म्हणून प्रत्येक बाळाचा खुबा बिघडतो असं नाही, उगाच घाबरू नका. पहिले सहा महिने याबाबत जास्त नाजूक असतात. पण मोठ्या बाळाच्या मांड्यांना आधार नसला की ते पाय लोंबकळत ठेवून सगळं वजन दोन पायांच्या मधल्या पट्टीवर टाकतं. त्याला टोचतं आणि आपल्याला ओढतं. पाठीचा भाग बाळाच्या खांद्यांपर्यंत यायला हवा. तो अर्ध्या पाठीत संपत असेल तर ती कॅरिअर लहान पडली.

मग आपली बाजू. कमरेचा पट्टा रुंद हवा आणि तो पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसायला हवा. भार खांद्यांवरून ओटीपोटीच्या हाडांवर उतरतो तो याच पट्ट्याने. सिझेरियनच्या टाक्यांवर तो रुतत असेल तर उंची बदलून बघा, आणि तरी दुखलं तर डॉक्टरांना विचारा. बाळ आधाराशिवाय नीट बसायला लागलं की त्याला पाठीवर घेता येईल अशी रचना असावी. पाठीवर घेतलेलं वजन पुढच्यापेक्षा हलकं वाटतं आणि समोरची वाटही दिसते. मुख्य म्हणजे बाळाला बरोबर नेऊन, घालून, वीस मिनिटं चालून बघा. आरशापुढे दोन मिनिटं सगळ्याच छान वाटतात.

लेबलवर 15 किलो किंवा 20 किलो छापलेलं असतं, त्यावर भुलू नका. तो आकडा कापड, शिलाई आणि बकल किती पेलतील याचा असतो, तुमच्या पाठीचा नाही.

कापड सुती घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगाला अंग लागलं की दोघंही घामेजतात. परदेशी रॅपमध्ये कधीकधी रेशीम मिसळलेलं असतं, काहींना चामड्याच्या पट्ट्या असतात. आपल्या घरात ते चालत नाही, म्हणून घेण्याआधी वाचून घ्या.

सुरक्षेचं दोन शब्दांत सांगते, कारण यात तडजोड नाही. लहान बाळ असेल तर चेहरा कायम दिसायला हवा, हनुवटी छातीला टेकता कामा नये आणि मान झुकवली की कपाळाची पापी घेता यावी इतकं ते वर असावं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये इशारा दिला होता की 20 वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान 14 बाळं दगावली, आणि त्यांतली 12 चार महिन्यांपेक्षा लहान होती. आणि बाळ बांधलेलं असताना गॅससमोर उभं राहायचं नाही, स्कूटरवर तर मुळीच बसायचं नाही. कॅरिअर म्हणजे सेफ्टी हार्नेस नव्हे. फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या नियमात चार वर्षांखालच्या मुलासाठी वेगळा हार्नेस, नऊ महिन्यांपासून हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आहे.

आता शेवटचं, आणि हे अहोंना वाचून दाखवा. कॅरिअर घेताना ती पट्टे कमी-जास्त करून पुरुषाच्याही अंगाला बसेल अशीच घ्या. शिखरजीची वंदना 27 किलोमीटरची. त्या डोंगरावर बाबांच्या हातात पाण्याची बाटली आणि आईच्या कडेवर अकरा किलोचं लेकरू, हे चित्र आपण किती वर्षं बघणार? मूल दोघांचं आहे, तर वजनही दोघांचं. "त्याला माझ्याकडे राहवत नाही" असं म्हणणाऱ्या बापाने रोज अर्धा तास अंगाशी बांधून फेरी मारावी. राहतं की नाही ते आठवड्यात कळेल.

आणि खर्चाची चिंता असेल तर उपाय आपल्याच हातात आहे. बारशाला दहाजणींनी दहा खुळखुळे देण्यापेक्षा वर्गणी काढून एक चांगली कॅरिअर द्या. महिला मंडळाने अशा दोन विकत घ्याव्यात आणि आळीपाळीने घरोघरी फिरवाव्यात. दर वेळी देताना शिलाई आणि बकल तपासायचं, धुऊन परत करायची. एक वस्तू, दहा बाळं. अपरिग्रह म्हणायचाच असेल तर याला म्हणा.

पुढच्या मंडळाच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या गावी मांडा. कुणी म्हणालं की एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ, तर फक्त त्यांच्या कडेवर बाळ द्या आणि म्हणा, "धरा जरा, मी चहा टाकून येते." चहा सावकाश होऊ द्या.