वाट जवळची की वेळेची?

टोमॅटोचा तोडा दुपारी आटोपला. कॅरेट भरली, आयशर लागली, ताडपत्री आवळली. एका वाटेकऱ्याचा माल यायला उशीर झाला म्हणून गाडी आणखी तासभर थांबली. आळेफाट्यावर आली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेलेले. ड्रायव्हर विचारतो, "मालक, माळशेजने काढू का चाकणने?" मालकाचे उत्तर ठरलेले, "जवळचं कुठलं पडतं ते बघ की!" या एका वाक्यात त्या रात्रीची निम्मी पट्टी ठरून जाते, हे आमच्या शेतकरी बंधूंच्या अजून नीट ध्यानात आलेले नाही.

बियाणे कोणते घ्यावे, औषध कधी मारावे, कोणत्या आडत्याकडे माल टाकावा, यावर आपण पारावर तासन् तास बोलतो. पण तयार माल कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता न्यावा, हा विषय ड्रायव्हरवर सोपवून मोकळे होतो. भायखळ्याचा भाजीपाला बाजार १९९६ साली वाशीला गेला. तेव्हापासून आळेफाटा, ओतूर, नारायणगाव, बेल्हे, टाकळी ढोकेश्वर या पट्ट्यातल्या गाड्या रात्रीमागून रात्री तिकडे धावताहेत. रस्ते रुंद झाले, गाड्या चांगल्या आल्या. तरी वेळेवर पोहोचण्याची खात्री मात्र वाढलेली नाही. असे का, याचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्यापुढे मुख्य वाटा दोन. पहिली माळशेजची. आळेफाट्याहून ओतूर, घाट उतरून टोकावडे, सरळगाव, मुरबाड, पुढे रायते, शहाड, कल्याण, आणि शिळफाट्यावरून महापेमार्गे वाशी. दुसरी चाकणची. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, तिथून तळेगाव आणि मग द्रुतगती मार्गाने कळंबोलीमार्गे वाशी. ढोबळ हिशेबाने दुसरी वाट पहिलीपेक्षा तीसेक किलोमीटर लांबची. शिवाय द्रुतगती मार्गाचा टोल वेगळा. म्हणून सरळ मनाचा माणूस म्हणतो, माळशेजच बरा.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू. समजा गाडीत २०० कॅरेट आहेत. लांबच्या वाटेने पाच-सहा लिटर डिझेल जास्त जळाले आणि टोल भरला, तर तो खर्च फार तर हजार-दीड हजाराच्या घरात जाईल. उलट जवळच्या वाटेने गाडी कोंडीत सापडून दोन तास उशिरा गाळ्यावर लागली आणि कॅरेटमागे नुसते ४० रुपये पडले, तर ८,००० रुपये गेले. कोथिंबीर-मेथीचे तर विचारूच नका. टोमॅटो एखादा दिवस कळ काढतो, जुडी मात्र ताडपत्रीखाली तापून पिवळी पडते. बाजार मध्यरात्रीनंतर भरतो, मोठे गिऱ्हाईक पहाटेच माल उचलून निघून जाते. उजाडल्यावर आलेली गाडी म्हणजे वरातीमागून घोडे. तेव्हा प्रश्न किलोमीटरचा नाही, वेळेचा आहे. जी वाट गाडीला ठरल्या वेळी खात्रीने पोहोचवते, तीच जवळची.

पण खात्रीची वाट कोणती? इथे एकच उत्तर बारा महिने चालत नाही. तीच तर खरी मेख आहे.

माळशेजचेच घ्या. दिवाळीनंतर होळीपर्यंत, आठवड्याच्या मधल्या वारी, हा घाट बिनघोर असतो. पावसाळ्यात मात्र त्याचे रूप पालटते. धुके असे दाटते की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. दरडीचे भय वेगळेच. २०१३ च्या जुलैत आणि २०१८ च्या ऑगस्टात दरड कोसळून हा घाट काही दिवस बंद राहिला, हे अनेकांना आठवत असेल. त्यात शनिवार-रविवारी धबधबे पाहायला येणाऱ्यांची झुंबड. घाट उतरला म्हणजे सुटलो, असेही नाही. शहाड आणि कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. घाटात वाचवलेला अर्धा तास कल्याणात व्याजासकट परत द्यावा लागतो.

चाकणच्या वाटेची तऱ्हा निराळी. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव, मंचर, खेड घाट इथे बाह्यवळणे झाली. पूर्वी गावागावात अडकणारी गाडी आता सुसाट जाते आणि थेट चाकणला येऊन थडकते. म्हणजे गाठ सुटली नाही, नुसती पुढे सरकली. चाकणला कारखान्यांच्या पाळ्या सुटतात, कामगारांच्या बसगाड्या निघतात आणि बंदराकडे जाणारे कंटेनर तळेगावच्या त्याच रस्त्याला लागतात. आपली टोमॅटोची गाडी त्या कंटेनरांच्या रांगेत उभी. लोखंड दोन तास उशिरा पोहोचले तर ते नासत नाही, आपला माल नासतो. पण चौकात दोघांनाही न्याय एकच! नाशिक फाटा ते खेड उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या ऑगस्टात मंजुरी दिली, ही चांगलीच गोष्ट. पण मंजुरीच्या कागदावरून गाडी जात नाही. तोवर रोजचा माल रोज न्यावा लागणारच.

द्रुतगती मार्गाचेही वार पाहून वागावे लागते. शनिवारी सकाळी आणि लागून सुट्ट्या आल्या की मुंबईची मंडळी पुण्याकडे निघतात. आपली गाडी उलट दिशेची, म्हणून आपल्याला काय त्याचे, असे वाटेल. पण बोरघाटात पुण्याकडची बाजू तुंबली की मुंबईकडे जाणारी वाहतूक थोडा वेळ थांबवून तीच बाजू पुण्याच्या गाड्यांना खुली करतात. रविवारी संध्याकाळी तर हीच मंडळी परत फिरतात. सोमवारच्या बाजाराची आपली गाडी आणि त्यांच्या मोटारी, दोघेही मुंबईच्याच दिशेला. माळशेजकडे पावसाळी रविवारी तेच. म्हणजे रविवारची संध्याकाळ दोन्ही वाटांना वाईट. त्या दिवशी वाट बदलून उपयोग नाही, निघण्याची वेळच बदलली पाहिजे. एक तर माल दुपारीच हलवावा, नाही तर मोटारींची गर्दी ओसरल्यावर निघून थेट पहाट गाठावी. मधल्या वेळी निघाला तो फसला.

हल्ली एक नवा सल्लागार प्रत्येकाच्या खिशात आहे, तो म्हणजे मोबाईलमधला नकाशा. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, पुष्कळदा तो कामी येतो. पण त्याच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. तो हिशेब धरतो मोटारगाडीचा. भरलेली आयशर चढाला किती दम टाकते, अरुंद पुलावर समोरून उसाची ट्रॉली आली तर काय होते, कोणत्या शहरात अवजड गाड्यांना कोणत्या वेळी बंदी आहे, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. आळेफाट्यावर नऊ वाजता चाकण लाल दिसले म्हणून गाडी माळशेजकडे वळवली, पण चाकणला तुम्ही पोहोचणार होता साडेदहा-अकराला. तोवर तिथली गर्दी ओसरलीही असती. आणि कोंडी चुकवायला एखादी आडवाट दाखवली, तर ती तुम्हालाच दाखवली असे समजू नका. मागच्या पन्नास जणांनाही तीच दाखवलेली असते. मोठ्या रस्त्यावर अडकलेली गाडी निदान सरकत तरी असते. आडवाटेला अडकली तर मागेही फिरता येत नाही.

म्हणून जुनी रीत सोडू नये. समोरून आलेला ड्रायव्हर हा सगळ्यात ताजा नकाशा. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर दोन मिनिटे थांबून "घाटात कसं काय?" एवढे विचारले तरी रात्र वाचते. घाटात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून चौकशी करायची ती वर असतानाच. माळशेजने गेलेल्यांना मुरबाडला आणखी एक निवड करता येते. कल्याण-शीळ तुंबल्याची खबर असेल तर म्हसा, कर्जत, चौक, पनवेल अशी गाडी काढता येते. वाट लांबची आहे, पण कल्याण टळते. मात्र हे मुरबाडलाच ठरवावे. शहाडच्या पुलावर जाऊन डोक्याला हात लावण्यात अर्थ नाही.

समृद्धी महामार्गाविषयीही लोक विचारतात. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. सिन्नर-संगमनेरकडच्या मंडळींनी गोंद्याजवळून या रस्त्याला लागावे, कसाऱ्याचा घाट टळतो, हे खरे. आळेफाट्याच्या माणसाला मात्र तो उलटा वळसा पडतो. आणि एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. महामार्ग सोडतो आमण्याला आणि बाजार आहे वाशीला. मधले भिवंडी, ठाणे, कल्याण कुणालाच चुकलेले नाही. नदी पोहून जावे आणि काठच्या चिखलात रुतावे, तशातली गत.

इतके झाल्यावर दोन शब्द सरकार-दरबारी. नवे रस्ते, उन्नत मार्ग, बोगदे यांच्या घोषणा होत राहतील, त्यांचे स्वागतच आहे. पण आमचे मागणे साधे आणि बिनखर्चाचे आहे. घाटात दरड आली, रस्त्याचे काम निघाले, अवजड गाड्यांना बंदी घातली, तर ती खबर शेतकऱ्याला दुपारच्या आत कळावी. माल तोडण्याआधी कळले तर तोडा एक दिवस पुढे ढकलता येतो, गाडीत भरल्यावर कळले तर नुसता मनस्ताप. ओतूर, नारायणगाव, आळेफाटा येथील बाजार आवारांत एक फळा लावून त्यावर रोज दुपारी दोन ओळी लिहायला कितीसा खर्च येतो? दुसरे असे की, गणेशोत्सवात मुंबई-गोवा रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी घालताना दूध, भाजीपाल्याला सवलत देतात. तीच शिस्त आपल्या वाटांवरही प्रत्येक बंदीच्या वेळी असावी, आणि तो आदेश चौकातल्या शिपायाच्या हाती लेखी असावा. नाही तर साहेबांचा आदेश कचेरीत आणि आमची गाडी कडेला, असे व्हायचे. तिसरे, चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला कंटेनर उभे करू देऊ नयेत. आहे तो रस्ता तरी पुरता वापरायला मिळो.

आता दोष केवळ सरकारच्या माथी मारून भागणार नाही. आपल्या गाड्या उशिरा निघतात त्या पुष्कळदा आपल्यामुळेच. एका गाडीत पाच जणांचा माल, त्यातला एक जण रोज उशीर करणार आणि बाकीचे चौघे त्याच्यासाठी खोळंबणार. गावाने गाडीची वेळ ठरवावी आणि पाळावी. वेळेत आला त्याचा माल चढेल, नाही आला त्याचा उद्या. चार दिवस कुरबुर होईल, पाचव्या दिवशी सगळे वेळेवर येतील. तोडा उन्हाच्या आधी सुरू झाला तर गाडी दोन तास आधी हलते, आणि दोन तास आधी हलणाऱ्या गाडीला कोणतीही वाट जवळचीच असते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. उशीर झाला की आपण ड्रायव्हरला फोनवर फोन करतो. "कुठवर आलास? जरा दामट की!" तो बिचारा रात्रभर जागा. चाकणला गेलेला तास तो बोरघाटाच्या उतारावर भरून काढू पाहतो, ओतूरला गेलेला तास माळशेजच्या धुक्यात. भरलेली गाडी, ओला रस्ता, डोळ्यांवर झोप. यातून काय होते ते आपण दर वर्षी वाचतो, आणि गाडीत कोण असते? आपल्याच गावचा पोरगा, शेजारी क्लीनर म्हणून त्याचा चुलतभाऊ. पडलेला भाव पुढच्या तोड्याला सावरतो. घाटात गेलेला पोरगा परत येत नाही.

म्हणून वाट निवडायची ती आळेफाट्यावर नव्हे, दुपारी शेतात. आज वार कोणता, पाऊस कसा, गाडी किती वाजता हलेल, हे तिथेच ठरवावे. आणि एवढे करूनही उशीर झालाच, तर ड्रायव्हरला एकच निरोप द्यावा: "बाजार चुकला तरी चालंल, बाबा. तू सावकाश ये."