टाळ्यांनंतर काय? विद्यार्थ्यांची भाषणे आणि कला शाखेचे मोल

एप्रिल महिना आला की वस्त्यावस्त्यांत वक्तृत्व स्पर्धांची पत्रके लागतात. विषय ठरलेले असतात : संविधान आणि आजचा युवक, बाबासाहेबांचे शैक्षणिक विचार. आपली मुले-मुली तळमळीने बोलतात, टाळ्या घेतात, स्मृतिचिन्ह घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बंद अभ्यासिकेचे कुलूप जसेच्या तसे असते. या भाषणांतून नागरिक घडतो का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही ते शिकत होते. जातीतल्या जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर जात उभी आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली त्या बंधनासाठीच आहेत, अशी मांडणी त्यांनी केली. माणसांच्या व्यवहारातून घडलेली व्यवस्था माणसे मोडूही शकतात. अकरा वर्षांनी महाडला तेच बाबासाहेब लोकांसह चवदार तळ्यावर गेले. एका विद्यार्थ्याच्या निबंधात जी चिकित्सा होती, ती पुढे चळवळीच्या कामी आली.

त्यांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. जानेवारी १९५० मध्ये, कायदामंत्री असताना, त्यांनी याच संसदेत हिंदू कोड बिलाची बाजू मांडली. देशाच्या कायद्यावर विद्यार्थ्यांनी विचार करावा, ही त्यांची अपेक्षा होती.

आज मात्र कला शाखा म्हणजे कुठेच नंबर लागला नाही म्हणून घेतलेला प्रवेश, असे आपल्याच घरांत बोलले जाते. पोटापाण्याची काळजी खरी आहे, तिला कमी लेखता येणार नाही. पण इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आपल्या मुलांनी सोडले, तर आपला इतिहास लिहिणारे आणि अंदाजपत्रकातला आपला वाटा तपासणारे दुसरेच कोणी असतील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बहुविद्याशाखीय पदवी आणि समाजकार्यासाठी श्रेयांक आहेत. ही संधी आहे आणि धोकाही. झाडू हातात घेऊन काढलेल्या फोटोवर श्रेयांक मिळणार असतील, तर नागरिकत्व फाइलीत बंद होईल. विद्यार्थी परिषदेचेही तसेच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ ने खुल्या निवडणुकांची वाट पुन्हा मोकळी केली. २०१९ मध्ये तयारी झाली आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या. लोकशाहीवर बक्षीस मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या महाविद्यालयात प्रतिनिधी निवडता येत नसेल, तर त्याने भाषणात हाही मुद्दा घ्यायला हवा.

म्हणून आमच्या मंडळांना आणि बुद्धविहार समित्यांना तीन सूचना आहेत. एक, भाषणानंतर श्रोत्यांना दहा मिनिटे प्रश्न विचारू द्या आणि उत्तरांनाही गुण द्या. दोन, विषय वस्तीतला द्या : रखडलेली शिष्यवृत्ती, बंद वसतिगृह, पाण्याची वेळ. तीन, प्रत्येक स्पर्धकाने भाषणासोबत एक काम जोडावे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक आहे. गावात असाल तर १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तोच प्रश्न मांडा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.

पुढच्या जयंतीला स्मृतिचिन्ह देताना गेल्या वर्षीच्या विजेत्याला मंचावर बोलवा आणि विचारा : तुझ्या अर्जाचे काय झाले?