आपण नक्की कोणाला हसतोय?



मधल्या सुट्टीत डबे उघडले की मुलांच्या तोंडी ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ असते. समीर चौघुलेंची नक्कल कोणाला जमते, नम्रता संभेराव यांच्या लॉलीचा आवाज कोण चांगला काढतं, यावरून भांडणंसुद्धा होतात. पालकसभेत मात्र तक्रार ठरलेली: “बाई, जरा सांगा ना ह्यांना, सारखे टीव्हीला नाहीतर मोबाईलला चिकटलेले!” माझं मत थोडं वेगळं आहे. या गप्पा बंद करू नयेत. त्या वर्गात आणाव्यात आणि मुलांना एक प्रश्न विचारावा: आपण नक्की कोणाला हसतोय?

मुलांना हे कार्यक्रम आवडतात, कारण त्यांत आपलं घर दिसतं. “डिट्टो आमची मावशी!” असं एखादी मुलगी ओरडते तेव्हा तिने मावशीचं बोलणं, चालणं, चिडणं नीट टिपलेलं असतं. भाषेच्या तासाला आपल्याला हेच तर हवं असतं. गौरव मोरे यांनी पवईतल्या फिल्टरपाड्याचं नाव स्टेजवरून अभिमानाने घेतलं. आमच्या लालबाग-परळमध्ये चाळीसमोरच टॉवर उभे आहेत. चाळीतल्या एका खोलीत राहणारं मूल टॉवरमधल्या मित्राला पत्ता सांगताना चाचरतं. त्या मुलासाठी ही साधी गोष्ट नाही.

पण दुसरी बाजूही आहे. विनोदी कार्यक्रमांत जाडी, रंग, उंची, टक्कल यांवरचे विनोद भरपूर असतात. स्टेजवरच्या कलाकाराने ती भूमिका स्वतः घेतलेली असते, आणि पुढच्याच वाक्याला तो उत्तरही देतो. वर्गातल्या मुलाला ना भूमिका निवडता येते, ना उत्तर सुचतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाला अंगाने जाड म्हणून एका स्किटमधलं नाव पडलं. तो डबा घेऊन जिन्यात बसू लागला. पी.टी.च्या दिवशी नेमकं त्याचं पोट दुखायचं. चिडवणारी मुलं वाईट नव्हती. ती म्हणाली, “बाई, टीव्हीवर पण असंच म्हणतात, सगळे हसतात की!”

आता मुलांना दाखवण्यासारखं आपल्याकडे दुसरंही बरंच आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तेव्हा गिरगाव-दादरच्या चाळींत ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्याकडे शेजारीपाजारी जमायचे. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये तीन पिढ्या एकमेकांची थट्टा करतात, पण कोणाचा अपमान होत नाही. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये तर सागर कारंडेंचा पोस्टमन अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचा आणि हसणारे प्रेक्षक डोळे पुसायचे. म्हणजे विनोदी कार्यक्रमातही दुसऱ्याच्या दुःखाला जागा असते.

वर्गात मी तीन गोष्टी करते.

1. दहा मिनिटं गप्पा: स्किटमधलं काय आपल्या घरासारखं आहे आणि काय वाढवून सांगितलंय? अतिशयोक्ती यातून आपोआप कळते.

2. स्वतःचं स्किट: पाच-सहा संवाद लिहायचे. नियम एकच, फजिती स्वतःची सांगायची. कोणाचं शरीर, रंग, बोलणं, घर यावर विनोद नाही.

3. पोस्टमनचं पत्र: ज्याला सगळे हसले, त्याच्या वतीने चार ओळी लिहायच्या.

त्या मुलाने गणपतीच्या गर्दीत एक चप्पल हरवून लंगडत घरी आल्याचं स्किट लिहिलं. वर्ग पोट धरून हसला, तोही हसला. चिडवणं त्या दिवशीच थांबलं असं नाही. अजूनही एखाद्याच्या तोंडून ते नाव निघतं. पण आता दुसरं कोणीतरी त्याला लगेच म्हणतं, “ए, नियम!”

पालकांनो, मुलांसोबत बसून कार्यक्रम जरूर बघा, मनापासून हसा. फक्त मध्ये जाहिरात लागली की सहज विचारा, “हाच विनोद तुझ्यावर झाला असता तर?” उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. मुलं विचार करतात.