लेखाचे ध्रुवपद

वाचता येणे ही एक गोष्ट आहे आणि वाचलेले उमजणे ही दुसरी. पहिली साधली की दुसरी आपोआप साधते, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. शब्द अडखळल्याशिवाय उच्चारता आले, पाठाखालील प्रश्नांची उत्तरे पाठातून शोधून लिहिता आली, म्हणजे पाठ आला असे त्यांस वाटते. परंतु त्याच विद्यार्थ्याला कोणी विचारावे, “या पाठात लेखकाला सांगावयाचे आहे तरी काय? एका वाक्यात सांग.” तो एकदम गोंधळून जातो. एक तर तो पाठाचे नावच पुन्हा उच्चारतो, नाही तर आठवतील तेवढ्या सर्व गोष्टी एकापाठोपाठ सांगू लागतो.

हा प्रश्न केवळ वर्गातला नव्हे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत आजही कित्येक घरी एखादा सरकारी कागद आला, बँकेचे पत्र आले किंवा पिकाच्या विम्याची माहिती आली, की वडीलधारी माणसे तो कागद शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती देतात आणि म्हणतात, “बघ रे बाळ, यात काय लिहिले आहे?” त्यांना सारा कागद वाचून दाखवावयास नको असतो. कागदाचे म्हणणे काय, आणि त्यावरून घराने काय करावयास हवे, एवढेच त्यांना हवे असते. मुलाने दहा ओळी खडाखडा वाचल्या, पण अमुक तारखेच्या आत अर्ज न दिल्यास पैसे मिळणार नाहीत, ही एकच गोष्ट त्याच्या ध्यानी आली नाही, तर त्या वाचनाचा घराला उपयोग काय?

लेखातील सर्व वाक्ये ज्या एका म्हणण्यासाठी लिहिलेली असतात, त्या म्हणण्यास मध्यवर्ती कल्पना असे नाव आहे. या प्रदेशातील नद्या पाहिल्या म्हणजे ही गोष्ट चांगली लक्षात येते. तेरणा मांजरेला मिळते, मन्याडही मांजरेला मिळते, आणि लातूर व नांदेड जिल्ह्यांचे पाणी घेऊन जाणारी मांजरा शेवटी गोदावरीत विलीन होते. प्रत्येक नदीला आपले नाव आहे, आपला काठ आहे. पण साऱ्यांचा ओघ गोदावरीकडे आहे. लेखातील वाक्यांचेही तसेच असते. एखादे वाक्य तारीख सांगते, एखादे उदाहरण देते, एखादे शंका काढते. वाचकाने प्रत्येक वाक्याजवळ थांबून विचारावे, “हे पाणी कोणत्या नदीला मिळते?” साऱ्या वाक्यांचे पाणी जेथे एकत्र होते, तेथे लेखाची गोदावरी सापडते.

एका उताऱ्यावरून हे पडताळून पाहता येईल.

“३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे भूकंपाने हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे घरांत गाढ झोपली होती. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जेथे घरे भक्कम असतात, तेथे एवढ्या तीव्रतेचा भूकंप होऊनही सहसा इतकी माणसे मरत नाहीत. या भागातील पुष्कळ घरांच्या भिंती दगड आणि चिखल यांच्या, खूप रुंद अशा होत्या; पण भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांस बांधून ठेवणारे लांब दगड त्यांत बहुधा नव्हते. वर मातीच्या जाड थराचे जड माळवद होते. अशी घरे उन्हाळ्यात थंड राहत. पण जमीन हादरताच भिंतींचे थर सुटले आणि माळवदाचा सारा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. हलक्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांतील पुष्कळ माणसे मात्र वाचली.”

या उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना कोणती? एखादा विद्यार्थी लिहील, “किल्लारीचा भूकंप.” हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. तो उताऱ्याचा विषय झाला. विषय म्हणजे लेखक कशाविषयी बोलत आहे ते. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्याविषयी तो काय म्हणतो ते. दुसरा विद्यार्थी लिहील, “भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे मेली.” हे खरे आहे आणि मन हेलावणारेही आहे, पण उताऱ्याच्या उत्तरार्धाचा भार ते वाक्य पेलू शकत नाही. भिंती, माळवद आणि झोपड्या यांचे वर्णन मग कशासाठी केले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. तिसरा लिहील, “निसर्गापुढे माणूस दुबळा आहे.” हे वाक्य इतके रुंद आहे की ते पुरालाही लागू पडेल, दुष्काळालाही लागू पडेल, आणि उतारा तर नेमके याच्या उलट सुचवीत आहे. चौथा विद्यार्थी सारी वाक्ये पुन्हा चाळतो आणि लिहितो, “किल्लारीच्या भूकंपात इतकी माणसे मेली ती केवळ जमीन हादरल्यामुळे नव्हे, तर घरांच्या सैल भिंती आणि जड माळवदे यांमुळे.”

हे चौथे उत्तर खरे आहे, ते सुंदर लिहिले आहे म्हणून नव्हे. उताऱ्यातील प्रत्येक वाक्याला त्यात जागा आहे, म्हणून ते खरे आहे. विसर्जनाचे वाक्य माणसे घरांत का होती ते सांगते. भक्कम घरांशी केलेली तुलना शंका उत्पन्न करते, की येथेच एवढे मृत्यू का? घरे थंड राहत असत हे वाक्य, लोकांनी ती अडाणीपणाने बांधली नव्हती, त्यामागे कारण होते, हे दाखविते. झोपड्यांचे शेवटचे वाक्य तर साऱ्या म्हणण्याचा पुरावाच आहे. विशेष म्हणजे चौथ्या विद्यार्थ्याचे वाक्य उताऱ्यात कोठेही जसेच्या तसे लिहिलेले नाही. ते त्याला स्वतः घडवावे लागले आहे. पुष्कळ चांगल्या लेखांचे असेच असते.

आणि या चार उत्तरांत केवळ गुणांचाच फरक आहे असे कोणी समजू नये. ज्याने पहिले उत्तर घेतले, त्याला एका गावाचे नाव मिळाले. ज्याने तिसरे घेतले, त्याला भीती मिळाली. ज्याने चौथे घेतले, तो घरी जाऊन आपल्या घराच्या भिंतीकडे पाहील. भूकंपानंतर पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली, ती याच जाणिवेने की जमिनीचे हादरणे माणसाच्या हाती नसले, तरी भिंतीचे बांधणे त्याच्या हाती आहे. एकच उतारा, पण कोणी त्यातून काय घेतले, यावर माणसाचे पुढचे वागणे अवलंबून राहते.

मध्यवर्ती कल्पना शोधणे ही काही परकी विद्या नव्हे. मराठी माणसाच्या कानांना ती पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. अभंगातील जो चरण गाताना फिरून फिरून म्हटला जातो, त्यास ध्रुवपद म्हणतात. प्रत्येक कडवे म्हणून झाले की गाणारा पुन्हा ध्रुवपदाकडे येतो, आणि प्रत्येक वेळी त्या चरणाचा अर्थ थोडा अधिक खुलतो. नारदीय कीर्तनात तर हे आणखी स्पष्ट दिसते. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्यातील विचाराचे निरूपण करतो आणि उत्तररंगात एखादे आख्यान सांगतो. नांदेड जिल्ह्यातील गोरटे या गावाशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, ते दासगणू महाराज (१८६८-१९६२) याच परंपरेतील थोर कीर्तनकार होत. आख्यान कितीही रंगले, श्रोते हसले किंवा रडले, तरी ते पूर्वरंगातील विचाराकडे परत आले पाहिजे, हा कीर्तनाचा दंडक आहे. जो श्रोता घरी जाताना केवळ गोष्ट आठवतो, त्याने अर्धे कीर्तन ऐकले. ती गोष्ट कशासाठी सांगितली हे ज्याला कळले, त्याने पूर्ण ऐकले.

जुन्या मीमांसक पंडितांनी तर ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याच्या खुणाच सांगून ठेवल्या आहेत. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथात त्या खुणा समजावून दिल्या आहेत. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट काय सांगतात? कोणती गोष्ट पुनःपुन्हा येते? नवे असे काय सांगितले आहे? त्याचा परिणाम कोणता? स्तुतीसाठी किंवा ओघात आलेला भाग कोणता? आणि आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी युक्तिवाद कोणता केला आहे? हे प्रश्न मोठ्या ग्रंथाला जसे लागू पडतात, तसे सातवीच्या पुस्तकातील दोन पानांच्या धड्यालाही लागू पडतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गीतेचे तात्पर्य कोणी ज्ञान मानले, कोणी भक्ती मानली, आणि टिळकांनी ते कर्मयोग मानले. तेव्हा थोर विद्वानांतही मतभेद होतो. पण त्यांपैकी कोणीही “मला असे वाटते” एवढ्यावर थांबला नाही. प्रत्येकाने ग्रंथातील वचने पुढे ठेवली. मध्यवर्ती कल्पना मर्जीने ठरत नाही, पुराव्याने ठरते. म्हणून वर्गात दोन विद्यार्थ्यांची वाक्ये वेगळी आली, तर त्यांनी भांडू नये आणि एकाने दुसऱ्याचे उतरूनही घेऊ नये. दोघांनी पाठ उघडावा आणि आपापल्या वाक्याला आधार देणाऱ्या ओळींवर बोट ठेवावे.

आता यावर एक आक्षेप येईल. लातूर आणि नांदेड ही शहरे परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभर नावाजलेली आहेत. ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले आहेत. दूरदूरच्या गावांची मुले तेथे येऊन कष्टाने अभ्यास करतात, प्रश्नपत्रिका पुनःपुन्हा सोडवितात आणि यश मिळवितात. ते कष्ट आदरास पात्र आहेत. पण कोणी म्हणेल, वेळ थोडा आहे. मार्गदर्शक पुस्तकात प्रत्येक पाठाची मध्यवर्ती कल्पना तयार छापलेली असते. ती पाठ केली तर काय बिघडले?

पाठांतर ही वाईट गोष्ट नव्हे. अभंग पाठ असावेत, पाढे पाठ असावेत. परंतु दुसऱ्याने काढलेले सार पाठ करणे म्हणजे दुसऱ्याने जेवून सांगितलेली चव लक्षात ठेवणे होय. परीक्षेत न वाचलेला उतारा समोर आला, की ही उसनी चव कामाला येत नाही. आणि आयुष्यात तर प्रत्येक उतारा न वाचलेलाच असतो. वर्गात मध्यवर्ती कल्पना फळ्यावर लिहून देण्याने दहा मिनिटे वाचतात हे खरे. पण ती दहा मिनिटे विद्यार्थ्याच्या विचारातून वजा झालेली असतात.

या प्रदेशाला तर ही गोष्ट विशेष जाणवावयास हवी. १९४८ पूर्वी नांदेड आणि लातूर हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठी घरांतील मुलांना वरच्या इयत्तांत आपल्या घरच्या भाषेतून शिकता येत नसे. उर्दू ही समृद्ध भाषा आहे. पण जी भाषा घरी बोलली जात नाही, तिच्यात विचार उमजण्याआधी शब्द पाठ करावे लागतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची राजवट संपली आणि मराठवाड्यातील मराठी मुलांना वरच्या इयत्तांची दारेही आपल्या भाषेतून उघडली. आपल्या भाषेतील पुस्तक हाती येऊनही ते परक्या भाषेतल्यासारखे अर्थावाचून घोकावयाचे असेल, तर त्या मिळालेल्या हक्काचे चीज झाले असे म्हणता येणार नाही.

उपाय कठीण नाही. पाठ वाचून झाल्यावर विद्यार्थ्याने पुस्तक मिटावे आणि लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहावे. मग पुस्तक उघडून प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याशी जुळवून पाहावा. एखादा परिच्छेद बाहेर राहिला, तर वाक्य अरुंद झाले; ते वाक्य दुसऱ्या कोणत्याही पाठाला चालण्याजोगे असेल, तर ते फार रुंद झाले. दोन-तीन वेळा खोडून लिहावे लागले तरी लाज वाटू देऊ नये; खोडलेल्या ओळी विचार केल्याची खूण असतात. शिक्षकांनीही मार्गदर्शकातील वाक्याशी शब्दन्‌शब्द जुळणाऱ्या उत्तरापेक्षा, पाठातील आधार दाखवून दिलेल्या उत्तराला अधिक मान द्यावा.

लेखक आपले म्हणणे कागदावर ठेवून निघून जातो. ते तेथून उचलून घेण्याचे काम वाचकाचे असते, आणि ते काम दुसऱ्या कोणाकडून करवून घेता येत नाही.