खोडदची दुर्बीण आणि मे महिन्यातली परीक्षा

मा. संपादक,


खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर, म्हणजे जीएमआरटीवर, उन्हाळ्यात इंटर्नशिपला येणाऱ्यांत ‘आपली’ मुले दिसत नाहीत. तेव्हा जुन्नर, आंबेगाव आणि संगमनेर तालुक्यांसाठी जागा राखून ठेवा, अशी मागणी करणारे पत्र आपण नुकतेच छापले. पत्रलेखकाचा राग मला कळतो. दुर्बिणीला रेडिओलहरींची शांतता लागते म्हणून या पट्ट्यात उद्योगांवर बंधने आली, मोबाईलच्या मनोऱ्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्गही याच कारणाने अडला. एवढे सोसून घरच्या पोरांना आत जागा नसावी, हे कोणालाही टोचेल. तरीही मागणी भलत्याच दारात केली आहे. आमची मुले खोडदच्या फाटकापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याआधी ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अडकतात.

मी राज्यातल्या एकाहून अधिक विद्यापीठांच्या कॉलेजांत भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून हे जरा खात्रीने लिहितो. जीएमआरटी चालवणारी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही पुण्याची संस्था काय, किंवा तिच्या शेजारची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था काय, दोघांच्याही उन्हाळी कार्यक्रमांचे साधारण चित्र सारखे आहे. अर्ज हिवाळ्यातच मागवतात, त्याबरोबर प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात, निवड होते आणि मे महिन्यात मुले हजर होतात. जुलैच्या सुमारास ती परततात. विद्यावेतन मिळते, कामाला मार्गदर्शक शास्त्रज्ञ मिळतो. आयआयटी आणि आयसरच्या मुलांचे सत्र तोवर संपलेले असते. आमच्या राज्य विद्यापीठांत मात्र मे महिना म्हणजे लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग तोंडी, आणि बाह्य परीक्षकाला सवड नसली तर जून.

माझ्याच एका विद्यार्थिनीची गोष्ट. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना तिची अशाच एका वेधशाळेत निवड झाली. प्रात्यक्षिक परीक्षा मेच्या शेवटच्या आठवड्यात होती. ती पंधरा दिवस आधी घ्यावी, नाहीतर नंतरच्या एखाद्या तुकडीत तिला बसवावे, एवढाच अर्ज आम्ही केला. प्राचार्यांची सही होती, बोनाफाईड जोडले होते. उत्तर आले, ‘तरतूद नाही.’ खेळाडूंसाठी तरतूद आहे आणि ती असायलाच हवी. राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करायला निघालेल्या मुलीसाठी ती कोणाला सुचलीच नव्हती. तिने जागा सोडली. ती प्रतीक्षायादीतल्या कोणाला गेली असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता खोडदला तीन तालुक्यांचा कोटा ठेवला असता तर काय झाले असते? कोट्यातली मुलगीसुद्धा त्या आठवड्यात प्रयोगशाळेत जर्नलवर सही घेण्यासाठी रांगेत उभी असती.

गंमत अशी की, नव्या शैक्षणिक धोरणाने याच मुलांना ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ सक्तीचे केले आहे. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला त्यासाठी चार क्रेडिट राखलेले आहेत. तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्राच्या पोराने हे ट्रेनिंग कुठे घ्यायचे, याचे उत्तर कोणाकडे नाही. म्हणून मग ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासचे प्रमाणपत्र येते, विभागप्रमुख डोळे मिटून सही करतात आणि क्रेडिट जमा होतात. हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे दिखाऊ कामाला गुण आहेत, आणि खऱ्या कामाला जायचे तर परीक्षा बुडते.

काही सहकारी मला म्हणतात, सहा-सात आठवड्यांत कसले आले आहे संशोधन? शास्त्रज्ञांचा वेळ जातो आणि पोरांची सहल होते. या आक्षेपात अर्धे तथ्य आहे. दोन महिन्यांत कोणी नवा पल्सार शोधून काढत नाही, आणि तसे स्वप्न दाखवणाऱ्या जाहिरातींचा मला वीट आला आहे. पण तिथे प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांतल्या १४ मधल्या चौकात दाटीने आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरदूर पसरल्या आहेत. प्रत्येकीचा संदेश ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथे प्रत्येक अँटेनाची इतर प्रत्येकीशी सांगड घातली जाते. विद्यार्थ्याच्या हाती येते ती या सांगडीतून निघालेली आकड्यांची रास. तिच्यात आकाश असतेच, शिवाय मोबाईलचा मनोरा असतो आणि विजेच्या तारेवर उडणारी ठिणगीही असते. कोणता आकडा ठेवायचा नि कोणता काढून टाकायचा, हे ठरवण्यातच पहिले काही आठवडे जातात. मग ज्याची तीव्रता आधीपासून ठाऊक आहे अशा एखाद्या रेडिओस्रोताशी ताडून बाकीचे आकडे जुळवायचे. मग प्रतिमा तयार करायची, ती बिघडलेली निघते, आणि पुन्हा मागे जायचे.

आमच्या प्रयोगशाळेत ‘जी’चे मूल्य ९.८ यायलाच हवे असते. येत नसेल तर मुले निरीक्षणे उलटीकडून रचतात. परीक्षकालाही ते कळते. उत्तर आधी माहीत नसलेला प्रश्न हाताळण्याचा प्रसंग पदवी मिळेपर्यंत त्यांच्यावर येतच नाही. तो यावा एवढ्यासाठी दोन महिने पुष्कळ झाले. अभियांत्रिकीच्या मुलांचेही तेच. वारा वाढला की अँटेना थांबवून आभाळाकडे तोंड करून उभ्या करतात. त्या कधी थांबवायच्या, हा पुस्तकातला प्रश्न राहत नाही.

शिवाय ही दुर्बीण उभारणारा माणूस स्वतः अशाच उमेदवारीतून घडला. गोविंद स्वरूप १९५३ मध्ये कोलंबो योजनेतून ऑस्ट्रेलियात सिडनीला गेले, बरोबर कोडाईकनाल वेधशाळेचे पार्थसारथी होते. तिथल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या वेगवेगळ्या गटांत तीन-तीन महिने काम करून शिकायचे, अशी योजना होती. सुरुवातीचे काम म्हणजे सूर्याच्या निरीक्षणांवरून त्याचा द्विमितीय नकाशा काढायचा, तोही हातानेच आकडेमोड करून. ज्या ३२ लहान तबकड्यांच्या रांगेवर ते तिथे राबले, त्याच तबकड्या पुढे भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. कल्याणनंतर १९७० मध्ये उटीची दुर्बीण आणि त्यानंतर खोडदची. आधी शंभर टक्के गुण आणा, मग यंत्राला हात लावा, असे सिडनीत त्यांना कोणी म्हटले नव्हते.

वेधशाळांनाही दोन शब्द ऐकवतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी खोडदला शाळा-कॉलेजांची जी गर्दी लोटते, ती मी पाहतो. पोरे तबकडीकडे मान वर करून बघतात आणि बसमध्ये बसतात. दुर्बीण पाहून गेलेल्या त्या मुलाला पुढे तीन वर्षांनी अर्ज कधी करायचा हे कळत नाही, कारण ती सूचना त्याच्या कॉलेजच्या फळ्यापर्यंत येत नाही. ती मराठीतही काढून डिसेंबरात जिल्ह्यांतल्या कॉलेजांना पाठवायला फार खर्च येणार नाही. शिफारसपत्रांचे वजनही थोडे कमी करावे. मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकाचे पत्र बोलके असते. आमच्याकडे ऐंशी मुलांच्या वर्गातल्या एकाबद्दल लिहिताना ‘मेहनती व प्रामाणिक’ यापुढे लेखणी जात नाही. निरीक्षणांचा जुना साठा खुला आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातला एखादा छोटा तुकडा सोडवायला देऊन निवड केली तर कोणाच्या अंगात चिकाटी आहे ते पत्राशिवाय दिसेल. रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा डिसेंबरात भरवून या संस्थांनी कॉलेजच्या मुलांना वाट करून दिलीच आहे. टीव्हीच्या डिशपासून सूर्य टिपणारी छोटी दुर्बीणही पुण्यातच तयार झाली. इच्छा नाही असे म्हणता येणार नाही.

राखीव जागांची मागणी करणाऱ्या पत्रलेखकांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपला मोर्चा विद्यापीठांकडे वळवावा. मान्यताप्राप्त राष्ट्रीय संस्थेत निवड झालेल्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा आधी किंवा नंतर घ्यावी आणि तिथले काम ऑन जॉब ट्रेनिंग म्हणून धरावे, एवढेच मागायचे आहे. त्यासाठी नवा कायदा नको, निधी नको. परीक्षा मंडळाच्या एका बैठकीत हे होण्यासारखे आहे, आणि पुढच्या वर्षीचे वेळापत्रक छापण्याआधी ती बैठक झाली तर येत्या हिवाळ्यात अर्ज करणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
नारायणगाव