बबून आणायचे कुठून?

डांग्या खोकल्याचा जिवाणू माणसाच्याच घशात वस्तीला असतो. उंदराच्या नाकात सोडला तर त्याची फुप्फुसं सुजतात, पण उंदीर खोकत नाही. ऱ्हीसस माकडांनीही संशोधकांना भरवशाची साथ दिली नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेतल्या टॉड मर्केल आणि जेसन वॉरफेल यांना २०१२ मध्ये बबून माकडांच्या पिल्लांत मात्र हा आजार हुबेहूब दिसला. आठवडेच्या आठवडे ढास लागायची आणि एकाची लागण दुसऱ्याला व्हायची.

लस असूनही डांग्या खोकला का वाढतोय, याच्या उत्तराची घाई होतीच. अमेरिकेनं नव्वदच्या दशकात संपूर्ण पेशींची जुनी लस सोडून कमी ताप आणणारी, पेशीविरहित लस स्वीकारली होती. तरी २०१० मध्ये कॅलिफोर्नियात दहा तान्ही मुलं दगावली, आणि २०१२ मध्ये देशभरात ४८,२७७ रुग्ण नोंदले गेले. बबूननी त्याचं एक कारण दाखवलं. नवी लस टोचलेली पिल्लं आजारी पडत नव्हती, पण जिवाणू त्यांच्या घशात सुमारे पाच आठवडे टिकत होता आणि शेजारच्या पिल्लाला लागतही होता. जुन्या लशीच्या पिल्लांत तो अठरा दिवसांत गेला. आपल्या सरकारी लसीकरणात आजही जुनीच लस आहे.

हे बबून ओक्लाहोमा विद्यापीठाच्या पैदास केंद्रातून येत. प्राण्यांच्या हालांबद्दल ओरड झाली, सरकारी तपासणीत त्रुटी निघाल्या, आणि २०१५ मध्ये विद्यापीठानं काही वर्षांत केंद्र गुंडाळण्याचं जाहीर केलं. टीका अनाठायी नव्हती. खटकतं ते हे, की देशाच्या लसधोरणाला दिशा देणारं संशोधन ज्या पुरवठ्यावर उभं होतं, त्याचं भवितव्य एका विद्यापीठाच्या हिशेबावर ठरलं.

पुरवठा असा आटण्याचा अनुभव अमेरिकेला नवा नाही. पोलिओ लशीच्या काळात भारतातून ऱ्हीसस माकडं जहाजं-विमानं भरभरून गेली. त्यांच्यावर लष्करी किरणोत्सर्गाचे प्रयोग होतात हे कळल्यावर मोरारजी देसाईंच्या सरकारनं १९७८ मध्ये निर्यात बंद केली. ते योग्यच झालं. त्यानंतर अमेरिकेला घरची पैदास वाढवावी लागली.

आता रानातून बबून पकडून आणणं हा मार्ग असू शकत नाही. अमेरिकेतच, सॅन अँटोनियोत, संशोधनासाठी पाळलेल्या बबूनची मोठी वसाहत आहे. २०१८ मध्ये तिथल्या चार बबूननी पिंप भिंतीला लावून पळ काढला होता. कैदेबद्दलचं त्यांचं मत त्यातून पुरेसं कळतं.

प्राण्यांची गरज कमी करता येते. साउदॅम्प्टनमध्ये संमती दिलेल्या निरोगी प्रौढांच्या नाकात हा जिवाणू सोडून, त्यांना आजारी न पाडता, अभ्यास झाला. घशातली लागण रोखणाऱ्या नव्या लशी आधी अशा स्वयंसेवकांवर पारखाव्यात. पण तान्ह्या बाळांना मुद्दाम लागण करता येत नाही. बाळाचा खोकला आणि त्याचा फैलाव, एवढ्याच प्रश्नांसाठी बबून लागतील. ते थोडे असावेत, सरकारी मालकीच्या केंद्रातले असावेत, आणि तिथले तपासणी अहवाल व मेलेल्या प्राण्यांची नोंद कोणालाही वाचता यावी. ओक्लाहोमात वाद पेटला तेव्हा अशी व्यवस्था हाताशी नव्हती, म्हणून पर्याय दोनच उरले: आहे तसं चालू ठेवा किंवा टाळं लावा.